पितळी कंपास आणि आमचे नाना

कोणाच्याही घरी गेले की नाना आधी माळ्याकडे बघत, यजमानांकडे नंतर. माळ्यावर एखादी जुनी कंपासपेटी पडलेली असेल, ही आशा. ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या एका सरकारी नकाशा-शाखेत ते मुख्य आरेखक होते. मी ट्रेसर, म्हणजे साहेबांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवणारी.

शिंदखेड्याच्या बाजारातून, भंगारातून त्यांनी पितळी कंपास, गुण्ये, पट्ट्या असं बरंच जमवलं होतं. बहुतेकांवर नावच नसे. असलं तरी नाना म्हणत, "ताई, हे विकणाऱ्याचं नाव. घडवणारा बिननावाचाच गेला."

एकदा पुण्याहून जुन्या वस्तूंचे एक जाणकार कचेरीत आले. नानांनी आपली पेटी उघडून त्यांच्यापुढे एक बिननावाचा कंपास ठेवला. भिंग लावून, बिजागरी चार वेळा उघडमीट करून ते म्हणाले, "लंडनचा. शंभर वर्षांचा तरी असेल."

नानांनी गंभीर चेहऱ्याने चहा मागवला आणि बाहेर बसवून ठेवलेल्या पारोळ्याच्या म्हाताऱ्या तांबटाला, आबांना, आत बोलावलं.

"हाई मीच बनाडेल शे," आबा अहिराणीत म्हणाले. "गेली दिवाळीले."

पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. नाना खुशीत मांडीवर ताल धरून बसले. तेवढ्यात आबांनी उघड्या पेटीतला दुसरा कंपास उचलला. याला नाना मलाही हात लावू देत नसत. अस्सल लंडनचा म्हणून सगळ्यांना दाखवत.

"हाई बी मनंच."

"आबा, नीट पहा."

"पाह्यं ना. हाई पान जाडं व्हयी जायेल शे." तरुणपणी एका मास्तरांसाठी घडवताना बिजागरीचं एक पान चुकून जाड झालं होतं. नानांनी भिंग लावलं. पान जाडच होतं.

तिसऱ्या दिवशी नानांनी पुण्याला पत्र लिहिलं: "तुम्हाला मी फसवलं. मला कोणीच फसवलं नाही, तरी मी फसलो." रविवारी ते पारोळ्याला गेले आणि दहा वर्षं ज्यांना नुसतं आबा म्हणत आले, त्यांचं पूर्ण नाव विचारून पेटीवर लिहिलं.

स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी माझा नकाशा तपासून त्यांनी पेन पुढे केला. "कोपऱ्यात तुमचं नाव घाला."

"साहेब रागावतील, नाना."

"भिंगाशिवाय दिसणार नाही, इतकं बारीक घाला."

मी घातलं. नकाशा मंजूर झाला. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत माझा एकही नकाशा बिननावाचा गेला नाही.