शेवटचं रीळ कुठं हाये?

"आबा, टॉकीजचं लिहा ना," म्हणून नातसून मागं लागली. मले काऊन तरास देता? चौथी नापास माणूस मी. पण टॉकीजच्या गोष्टी म्हणजे कापसाच्या जिनिंगमधली रुई. आंग कितीबी झटका, कानात उरतेच.

मी वर्ध्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. सत्तर सालानंतर गावात फिल्म सोसायटी निघाली. सेक्रेटरी कॉलेजातले सर. नाव शेवटी सांगतो. इतवारी सकाळी युरोपची पिक्चरं, अन् गेटवर कापडी बोर्ड, 'आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव'! मले पह्यल्या दिवसापासून डाऊट होता. गाणं नाई, मारामारी नाई, तरी हे शिकलेले लोक एवढे काऊन धडपडून राह्यले?

*

आमच्या टॉकीजचा कायदा एकच. कँटीनवाल्या गुलाबभाऊनं खालून बॅटरी चमकवली का इंटरवल! त्या पिक्चरमध्ये इंटरवल नव्हताच, पण चहा उकळला होता. पडद्यावर म्हातारी मरून राह्यलती. तिनं पाणी मागतलं, अन् म्या लाईट लावले. गुलाबभाऊ आत, "चाऽय गरम!"

सर धापा टाकत वर आले. "अहो, ती मरतेय!"

"मरू द्या सावकाश. तिच्यापायी लोकायचा चहा थंडा करू काय?"

*

एका पिक्चरमध्ये नवरा-बायको जेवून राह्यले, पण तोंडातून शब्द नाई. खालून बोंब, "ए ऑपरेटर, आवाज!" मले मशीनवरच शंका. आवाज फुल केला. तेवढ्यात बायकोनं बशीत चमचा टाकला, अन् छपराचा पत्रा पडल्यासारखा दणका!

जाम गावचे एक शेठ पुढं बसले होते. ते उठून दारापर्यंत पळाले. म्हणे, "मले वाटलं मुके हायेत. हे तर भांडून राह्यले!"

*

विलायती पिक्चर म्हणून पोलिसायलेबी शंका. एक हवालदार सगळा पिक्चर डोळे फाडून बसला. पडद्यावर एक पाद्री बटाटे सोलत होता. संपल्यावर हवालदार केबिनमध्ये.

"खरं सांग, तो सीन कुठं हाये?"

"कोणता सीन?"

"ज्याच्यासाठी मले पाठवलं तो!"

नाई म्हटलं तरी पटेना. जाताना खाली सांगत गेला, "ऑपरेटरनंच कापला असन." कापत होते काही ऑपरेटर, नाई कोण म्हणते? पण मी नाई. कधीच नाई. मात्र बोल लागला तो लागला.

*

मग तो पिक्चर आला. लढाईवर गेलेला नवरा लय वर्षांनी घरी येते, दार ठोकते. बायको आतून येते, कडीवर हात ठेवते... खलास! पडदा पांढरा.

"अबे, उघडलं का नाई?" लोकं खुर्च्या आपटाले लागले.

सर वर आले. मागं मालक, मागं अर्धी टॉकीज.

"शेवटचं रीळ कुठे आहे?"

"सर, होते तेवढे सगळे लावले."

रिळाचे डबे उघडले. माझा कोट झटकला. मग सर म्हणाले, "तो डबा उघडा." माझा जेवणाचा डबा! बायकोनं बांधला होता. चार लोकायपुढं उघडला. भाकर अन् झुणका.

तरी मालक म्हणाला, "रीळ सापडेपर्यंत येऊ नको." मी घरी बसलो. आळीतली लोकं मले पाहून हसे.

पुढं सर नागपूरले गेलते. तिथं तोच पिक्चर लागला. परत आले अन् गुलाबभाऊच्या कँटीनवर सगळ्यायले सांगून राह्यले, "काय शेवट आहे! हात कडीवर आणि संपलं. दार उघडायचं की नाही, ते आपण ठरवायचं!"

मालकानं ऐकलं, मले निरोप धाडला. मी पुन्हा मशीनवर.

पुढच्या इतवारी केबिनच्या जिन्यावर पाय वाजले. फटीतून पाह्यलं तर सर. त्यायनं कडीवर हात ठेवला. मी आत, ते बाहेर. मशीन गरम होऊन राह्यली.

मग पाय खाली उतरत गेले.

सरायचं नाव लिहून ठेवतो. प्रोफेसर वैरागडे.