नाताळाच्या झाडाले चाकोल्या

तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली अन् इकडं वऱ्हाडातल्या कापसाले असा भाव आला का अमरावतीच्या रस्त्यावर दिवसभर बैलगाड्यांची रांग तुटत नव्हती. कापसामागं साहेब लोक आले. त्यातल्या एका व्यापारी साहेबाच्या बंगल्यावर फुलं पोचवायचं काम गोवर्धन माळ्याकडं होतं. बंगल्यावर फुलं नेणारे पुष्कळ. पण फुलं देऊन साहेबाची बोली घेऊन आला, तो हा एकटाच. सारी अमरावती धुंडा, दुसरा दाखवा.

शिकला कसा, तं सणांवरून. घरची आठवण आली का साहेबाची मडम ओसरीवर बसून आपल्या मुलखातले सण सांगे. ईस्टरले अंडी रंगवतात, नव्या सालाले घंटा वाजवतात, पीक घरात आलं का देवळात भोपळे अन् कणसं मांडतात. गोवर्धन बदल्यात पोळा सांगे, भुलाबाई सांगे. अर्धं तोंडानं, अर्धं हातानं. सणाचं बोलताना माणूस खुशीत राहते अन् तेच ते पुन्हा सांगते, हे त्यानं हेरलं होतं. शिकणाऱ्याले आणखी काय लागते?

त्या हिवाळ्यात साहेबाले दुभाषा ठेवायचा होता. कापूस तोलताना काट्यापाशी उभं राहून शेतकऱ्याचं साहेबाले अन् साहेबाचं शेतकऱ्याले सांगणारा. गोवर्धनचा जीव त्या कामात अडकला होता. साहेबाचा कारकून वामनराव आपल्या भाच्यासाठी खटपट करून राहिला होता. मडम म्हणाली, नाताळ होऊ दे, मग मी साहेबाजवळ तुझं नाव काढते. गोवर्धनचा मोठा भाऊ सूर्यभान, त्यानं तं जागा मिळाल्यासारखंच बाजारात सांगून टाकलं.

मग मडमेनं नाताळाचं सामान सांगतलं. एक हिरवं झाड तोडून आण, मधोमध उभं कर. त्याले माळा घालू, भोवती गाणी म्हणू.

गोवर्धनले सारं लगेच समजलं. झाड तोडायचं, मधोमध रोवायचं, माळा, गाणी. ही तं होळीच.

"होळी फागुनात राहते रे," माय पार्बताबाई म्हणे. "हे थंडीत कायची होळी?"

"साहेबाचं सारंच आपल्यापेक्षा लवकर राहते, माय."

"तू चाकोल्या कर," सूर्यभान मायले म्हणाला. "बारीक कर, एकसारख्या कर. वऱ्हाडची इज्जत हाय त्यात."

पार्बताबाईनं शेणाच्या एकशेएक चाकोल्या थापल्या, मधात भोक पाडलं, आठ दिवस उन्हात कडक वाळवल्या अन् सुतळीत ओवल्या. गोवर्धननं होळीले रोवतात तसं एरंडाचं उंच झाड तोडलं अन् माळा घालून गाडीतून बंगल्यावर नेलं.

मडम पाहतच राहिली. तिले वाटलं मातीचे मणी. एकेक हातात घेऊन तिनं त्यात लाल फिती बांधल्या, झाडाखाली मेज मांडलं अन् केकची थाळी आणून ठेवली.

गोवर्धननं इचारलं, "फायर कधी?"

मडम हसली. जाळायचं कायले? हे झाड बारा दिवस घरातच राहीन, अन् नाताळचं जेवण याच्याचपाशी.

गोवर्धननं केकची थाळी माळांखालून बाजूले सरकवली. दारात वामनराव मिशीत हसत उभा.

"काय गोवर्धन, कशाच्या म्हणायच्या या माळा? तू सांगतोस, की साहेब आल्यावर मी सांगू?"

"मीच सांगतो, रावसाहेब."

सांगायचं, पण शब्द नव्हता. गाईले शब्द होता, शेणाले नव्हता. सणांच्या गोष्टीत ते कधी आलंच नव्हतं. मग तो मडमेले बंगल्यामागच्या गोठ्यात घेऊन गेला. आधी गाय दाखवली, मग गाईच्या मागं खाली पडलेलं दाखवलं, मग तळहातावर चाकोली ठेवून पुढं केली. मडमेनं आपल्या बोटांकडं पाहिलं. ती आत गेली, अन् न्हाणीघराचं दार लागलं.

घरी सूर्यभान म्हणाला, "चूप राहिला असता तं काय बिघडत होतं?"

"दुभाष्याचं काम मांगून राहिलो, दादा. पहिलीच गोष्ट खाऊन टाकू?"

दुसऱ्या दिवशी बाजारात सूर्यभान लोकाईले म्हणे, "माह्या भावानं मडमेले शेण दाखवलं. हाय कोणाची छाती?"

बारा दिवस फुलं नोकरानं दारातूनच घेतली. गोवर्धननं काट्याची आशा सोडली.

बाराव्या दिवशी बलावणं आलं. घरातून काढून अंगणात आणलेलं एरंडाचं झाड उभं, पानं लोंबलेली, चाकोल्यांच्या माळा जशाच्या तशा. साहेब खुर्चीवर, बाजूले वामनराव. मडम म्हणाली, आज आमचा सण संपला. घरातला हिरवा पाला आज काढतात. माझा आजा तो जाळत असे.

"फायर," ती म्हणाली, अन् काडी गोवर्धनच्या हाती दिली.

चाकोल्या सावकाश पेटल्या. मडमेनं जाळापुढं दोन्ही हात धरले. गोवर्धनले वाटलं, तिले तिचा आजा दिसून राहिला असन.

मग तिनं इचारलं, हे जळताना तुमचे लोक काय म्हणतात?

आता होळीपुढं तोंडावर हात मारून गाव जे बोंबलते, ते माय-बहिणीसमोर सांगता येते का? वामनराव जमिनीकडं पाहून राहिला. गोवर्धननं जरा इचार केला अन् साहेबाच्या बोलीत सांगतलं, "सालभर मनात दाबून ठेवलेलं, ते आज मोठ्यानं बोलतात."

साहेबानं वामनरावले इचारलं, असंच हाय का?

वामनराव खाकरला. "बरोबर आहे, साहेब. याहून नीट मलाही सांगता आलं नसतं."

सोमवारपासून गोवर्धन काट्यापाशी उभा राहू लागला.

सूर्यभाननं त्याले एकदा इचारलं, "अन् त्या शिव्या कावून नाही सांगतल्या?"

"शेण लपवलं असतं तं तिच्या जेवणात गेलं असतं, दादा. शिव्या माह्याच पोटात राहिल्या."