तोंड त्याचं, पोट माझं

गाडी दुकानासमोर थांबली तरी मामा लगेच उठत नसत. जुन्या टायरवर बसूनच गिऱ्हाइकाकडं बघत, डाव्या हातानं कपाळावरचे केस मागं सारत आणि समोरच्यानं विचारायच्या आत म्हणत, "व्हय, सेम दिसतो. पन मी तो न्हाई. कुठलं चाक?"

पुण्याहून सोलापूरला जाताना वरवंडला कधी तुम्ही पंक्चर काढलं असेल, तर तुम्हीही दचकला असाल. हिंदी सिनेमातला तो मोठा हिरो, ज्याचं नाव मी इथं लिहीत नाही कारण त्याला ते फार मिळालंय, ग्रीस लागलेल्या बनियनवर तुमच्या गाडीची हवा बघतोय. तेच नाक, तीच हनुवटी, हसताना एक डोळा जरा बारीक. एरवी पंक्चर, आणि जत्रांचा हंगाम आला की ऑर्केस्ट्रात त्याचा डुप्लिकेट म्हणून नाच, डायलॉग आणि त्याचं ते गाजलेलं रडणं. आता दुकान दुसऱ्यानं घेतलंय. मामा तिथं बसत नाहीत.

मी त्यांच्या शेजारच्या आळीतला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मराठीत एम.ए. आहे, एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो आणि लग्नसराईत माइकवर निवेदन करतो. दोन्हीची मला लाज वाटत नाही.

हिरोचं करिअर तुम्ही पडद्यावर पाहिलं. मी ते मामांच्या अंगावर पाहिलं.

तो प्रेमवीर होता तेव्हा मामांना कार्यक्रमांच्या सुपाऱ्या आवरत नव्हत्या. त्यानं मिशी ठेवली, मामांनी ठेवली. त्याची बायको सोडून गेली तर गिरणीत दळणाच्या रांगेत बायका मामीला विचारायच्या, "काय कमी हुतं गं तिला?" मामीला जसं काही त्या घरातलं सगळं ठाऊक. त्याच्यावर कोर्टात केस झाली आणि चप्पल बसली मामांना, मांडवगणच्या बाजूच्या एका जत्रेत. पन्नाशी उलटल्यावर त्यानं पोटावर सिक्स पॅकच्या वड्या काढल्या. ऑर्केस्ट्रावाल्यानं मामांच्या पोटाला बोट लावून सांगितलं, "हे कमी करा."

मामा म्हणाले, "त्याला चार मानसं उकडलेलं खाऊ घालत्यात. मला कोन घालनार? तोंड त्याचं हाय, पोट माझं."

आम्ही हसलो. हे वाक्य ते बऱ्याचदा म्हणत आणि आम्ही दर वेळी हसत असू. आता वाटतं, माणूस गाऱ्हाणं सांगत होता.

एका निवडणुकीत गावच्या पुढाऱ्यानं त्यांना उघड्या जीपमध्ये उभं केलं. लोकांना सांगितलं, खरा हिरो आलाय. मामांना ताकीद होती, "गॉगल काढायचा न्हाई, तोंड उघडायचं न्हाई, नुसता हात हलवायचा." जीपमध्ये पुढाऱ्याचा हात मामांच्या खांद्यावर होता. फेरी संपली, पुढारी ओसरीवर बसले, आणि मामांचा चहा बाहेर जीपपाशी आला. वेगळ्या कपात. आमच्या वस्तीतल्या माणसाला तो कप पाहून काही विचारावं लागत नाही. मामा गॉगल लावूनच चहा प्याले.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते माझ्याकडं आले. बसायला सांगितलं तरी उभेच.

"सर, माइकवर तुमीच हाय न्हवं?"

"हो मामा."

"माझं नाव घ्या. आख्खं, वडलांच्या नावासकट. आन् त्याचं नाव घ्यायचं न्हाई. त्या दिशी मला पोरीचा बाप म्हनून हुबं ऱ्हायचंय. बास, येवढंच."

मुलीनं शाळेत असल्यापासून 'हिरोची पोरगी' ऐकलं होतं. नर्सिंग करून ती दौंडला नोकरीला लागली, तरी तिथंही पेशंट तेच विचारायचे, हिरोची पोरगी का म्हणून. तिनं बापाकडं कधी काही मागितलं नव्हतं. एवढंच म्हणाली होती, "पप्पा, लग्नात तसलं काही नको."

म्हणून लग्नाआधी मामांनी डोकं बारीक करून घेतलं, मिशी काढली. इतकी वर्षं जपलेले ते केस न्हाव्याच्या दुकानात पडले. मामी म्हणाली, "ह्यास्नी आता मीच वळखंना." आणि लाजली. त्या वयात.

कार्यालय हायवेलाच होतं. मामा पांढऱ्या सदऱ्यात, डोक्याला फेटा. मी माइक घेतला आणि त्यांचं पूर्ण नाव उच्चारलं, जसं एखाद्या अध्यक्षांचं उच्चारतात तसं. वधूपिता, आपले स्वागतोत्सुक.

एकानंही मान वळवली नाही.

नवऱ्या मुलाचा चुलता माझ्याजवळ आला. "हे कोन म्हनायचं?"

"नवरीचे वडील."

"मंग हिरो कुठाय? आमी गावभर सांगून बसलोय."

मी बोट दाखवलं नाही. त्याची गरजही पडली नाही. त्यानं निरखून बघितलं, माझ्या हातातला माइक घेतला आणि ओरडला, "मंडळी, फेट्यात लपलाय गडी! एक गाणं झाल्याबिगर अक्षता न्हाईत!"

मग मात्र सगळ्या मंडपाच्या माना वळल्या. मोबाइल वर आले. डीजेवाल्यानं कुणी न सांगता हिरोचं गाणं लावलं. मामांनी हात जोडले.

"आज न्हाई, पाव्हनं. आज मी बाप हाय."

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "काय डायलॉग हानला!" मामा तसेच हात जोडून उभे, आणि जितके ते गप्प तितक्या टाळ्या वाढत गेल्या. मी माइक परत घेतला आणि मंगलाष्टकं सुरू करायला सांगितलं. शेवटी पाहुणे गप्प बसले ते जेवणाच्या वासानं.

पाठवणीच्या वेळी गाडी फुलांनी सजवून दारात उभी होती. मुलगी आत बसली. मामांनी खिडकीत हात घातला, तिच्या डोक्यावरून फिरवला, आणि त्यांचा बांध फुटला. एक हात कपाळावर, मान तिरकी, खांदे गदगद हलताहेत, हुंदका आधी घशात अडकतो आणि मग सुटतो.

खरं तेच लिहितो. ते रडणं हुबेहूब त्याचंच होतं. पंचवीसेक वर्षं स्टेजवर दुसऱ्याचं रडल्यावर माणसाला स्वतःचं वेगळं रडणं राहत असेल का, मला माहीत नाही.

भोवती कडं झालं. वऱ्हाडातला एक जण कौतुकानं म्हणाला, "एक नंबर. डिट्टो." दुसरा गर्दीतून पुढं घुसला आणि त्यानं मामांच्या दंडाला हात लावला.

"मामा, परत एकदा. व्हिडिओ चालूच झाला न्हवता."

गाडीच्या खिडकीतून मुलगी बापाकडं बघत होती. तिचं रडणं थांबलं होतं. ती नुसती बघत होती, कपाळाला आठ्या घालून, नाटकातलं खरं-खोटं ओळखायला बघतात तशी. मामांना ते दिसलं. त्यांनी कपाळावरचा हात खाली घेतला, फेट्याच्या शेमल्यानं तोंड खसाखसा पुसलं आणि चेहरा सरळ करून तिच्यापुढं धरला, कोरा, ज्यात आता कुणीच नव्हतं.

ड्रायव्हरनं गाडी काढली.