गुण आलेली बाई

लॉन्ड्रीतल्या वहिनींची पाळी गेली, पण जाताना अंगाची आग मागे ठेवून गेली. समोर तापलेली इस्त्री आणि आत वेगळीच भट्टी. फोनवर कुठल्याशा मुळीच्या पावडरीचा व्हिडिओ दिसला. "झाडपाल्याचं आहे, अपाय होणारच नाही," असं त्यात छातीठोकपणे सांगितलं होतं. वहिनींनी ती मागवली. थोड्याच दिवसांत झोप लागू लागली, तशी विकणाऱ्याच्या आग्रहावरून त्यांनी हसतहसत स्वतःचाही व्हिडिओ करून पाठवला.

पुढे त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. एका सकाळी नवरा दचकून म्हणाला, "अगं, तुझे डोळे पिवळे दिसताहेत!"

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावली. यकृताला सूज आली होती आणि ती काही उतरेना.

सलाईन लावताना नर्स त्यांना निरखत राहिली. "त्या व्हिडिओतल्या तुम्हीच ना? तुमचं ऐकून माझी आई रोज घेते ती पावडर."

"आधी तिला फोन लाव!"

नर्सने लावून दिला. "ताई, मीच ती व्हिडिओतली बाई. ती पावडर घेऊ नका हो," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

पलीकडून हसू ऐकू आलं. "काहीतरीच काय! तिचा आवाज केवढा खणखणीत आहे." आणि फोन बंद झाला.