पिशवीतली वांगी

धुळ्याला देवपुरातल्या आमच्या कॉलेजात बॉटनी डिपार्टमेंटला प्रयोगाचं सामान कधी वेळेवर मिळालं नाही. किस्से मात्र ऑर्डर न देता यायचे! ऐंशीच्या दशकातले निम्मे किस्से तर एकट्या वाघसरांच्या पीएच.डी.चे. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे साक्षीदारच म्हणा.

सरांचा विषय होता वांग्याचा जांभळा रंग. हा रंग शरीराला उपकारक, आणि तो बनवणारे जीन्स उजेड पडला तरच जागे होतात, अंधारात झोपून राहतात, असं सरांचं म्हणणं. पुरावा? वांग्याच्या देठाची टोपी उचला, खालची साल पांढरी! हे ते भर बाजारात, लोकांच्या टोपल्यांतली वांगी उचलून दाखवायचे. एकदा भाजीवाली अक्का वैतागली.

"भाऊ, वांगं लेनं शे, का त्यानं लगीन लावनं शे?"

त्या दिवशी सरांना लाजेकाजेस्तव दोन किलो वांगी घ्यावी लागली.

*

आता गंमत बघा. सगळा उपकारक माल सालीत, आणि खानदेशात वांगं म्हणजे भरीत. म्हणजे आमचं पहिलं काम साल जाळून फेकणं! सरांनी घरी फर्मान काढलं, "यापुढे साल वाया घालवायची नाही."

वाघवहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला साल वेगळी वाढते. आम्ही आतलं खातो."

शब्दाला जागून सरांनी ती जळकी साल खाल्लीसुद्धा. दुसऱ्या दिवशी काळ्या दातांनी वर्गात आले आणि आरोग्यावर बोलले.

*

पण थट्टा पुरे, प्रकरण गंभीर होतं. थिसिस रखडला होता, मुदत वाढवून झाली होती. गाईडनी कळवलं, "शेतात येऊन पांढरी वांगी डोळ्यांनी पाहीन, तरच सही करीन." सही नाही तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात!

जीन बघायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. वहिनींकडे शिलाई मशीन होतं. त्यांनी जुन्या छत्र्यांच्या काळ्या कापडाच्या पिशव्या शिवल्या. चाळीसगाव रोडला सरांच्या ओळखीच्या नानांचं शेत होतं, तिथे कोवळ्या वांग्यांवर त्या चढवल्या. आत प्रत्येक वांग्याला दवाखान्यातली चिकटपट्टी, तिच्यावर नंबर. आमच्याकडे भरिताला हिरवं वांगं लागतं. सरांनी जांभळी लावून घेतली, हाच गावाच्या मते पहिला वेडेपणा होता.

*

दुसरा वेडेपणा पिशव्या. गावाने परस्पर ठरवून टाकलं की त्या नजर लागू नये म्हणून आहेत. सर चिडले. बांधावर उभं राहून त्यांनी उजेड, अंधार आणि जीन्स यांवर तासभर लेक्चर दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर खूश!

शेवटी एक आबा जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, मनी म्हैसना मापनी एक पिशवी शिवी द्या ना!"

*

गाईड आले त्या दिवशी सरांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. बांधावरून वळलो आणि सर जागच्या जागी थांबले. एकाही झाडावर पिशवी नव्हती. वांगी जांभळीगर्द!

नाना हात जोडून पुढे आले. "पाव्हना येनार, मंग वांगास्ना तोंडवर फडकं कसाले? मागला आठवडामाच बठ्ठ्या पिशव्या काढी टाक्यात. देखा, उनमा कसा चमकी राह्यनात!"

पलीकडे पाहुण्यांच्या भरितासाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या होत्या.

"वाघ," गाईड म्हणाले, "यात पांढरं वांगं कोणतं?"

मला सरांकडे बघवेना.

गाईड वाकले. नंबर वाचता वाचता त्यांनी उगाच चाळा म्हणून एका वांग्यावरची चिकटपट्टी नखाने सोलली. खाली पट्टीएवढा पांढराशुभ्र चौकोन!

त्यांनी दुसरी सोलली. तिसरी सोलली. मग खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "वाघ, कागद आणा."

सर मटकन बांधावर बसले आणि ढसाढसा रडायला लागले.

नाना बिचारे ओशाळले. एकदा त्या पांढऱ्या चौकोनांकडे बघितलं, एकदा पाहुण्यांकडे. मग सरांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले,

"सर, रडू नका. भरीतमा डाग दिखत नही!"