तीन बोटांची ट्रायल

नवनाथ केंद्रेचा उजवा हात सहसा कुणाच्या दृष्टीस पडत नसे. चहा तो डाव्या हाताने घ्यायचा, नमस्काराला नुसती मान लववायचा, आणि घरातल्या एकूण एक फोटोत त्याचा उजवा हात पँटच्या खिशात आहे, अगदी स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही. केजहून भोसरीला आला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागला आणि वर्षभरातच मशीनने अंगठ्याशेजारची दोन बोटं नेली. या पट्ट्यात असे हात कमी नाहीत. कंपनीच्या बसमध्ये वरची दांडी धरलेल्या हातांकडे नजर टाकली तरी कळतं. पण दुसऱ्यांचंही गेलंय म्हणून आपलं दुःख हलकं होतं असं कुणी सांगत असेल, तर त्याची दहा बोटं शाबूत असणार हे खुशाल समजावं.

पुढे तो चिखलीत श्याम बर्व्यांच्या वर्कशॉपमध्ये आला आणि एकोणीस वर्षं तिथेच राहिला. प्लास्टिकचे भाग ओतायचे, जोडायचे आणि खोक्यात भरून चाकणला पाठवायचे, असं तिथलं काम. खिडकीजवळचा जोडणीचा बाक नवनाथचा. स्कूटरच्या सीटखालचं कुलूप तो तिथे जोडायचा. डाव्या हाताने धरायचं, उजव्या अंगठ्याने आणि तळव्याने दाबायचं, ही पद्धत त्याची त्याने बसवली होती. त्याच्या हातचं कुलूप परत आलं असं कधी झालं नाही. त्या बाकावर बसलेल्या नवनाथला ‘जमेल का?’ असं कुणी विचारत नसे, आणि एवढ्या एका कारणासाठी तो बाक त्याला जिवापाड होता.

मार्चमध्ये ते स्कूटरचं मॉडेल बंद झालं. कुलपांचं काम गेलं. बाक रिकामा पडला आणि नवनाथ रोज तो पुसून ठेवू लागला.

त्याच सुमारास परदेशातून एक खोकं आलं. आत स्नोबोर्डला, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळीला, पाय बांधायची बाइंडिंग होती, दोन प्रकारची. एका प्रकारात बूट वरून ठेवायचा आणि घोट्यावरून एक, बोटांवरून एक असे दोन पट्टे ओढून दातेरी खटक्यात आवळायचे. दुसऱ्यात पोटरीमागचा टेकू मागे पाडायचा, बूट मागून आत सरकवायचा आणि टेकू उभा करून एकच मोठी दांडी लावून टाकायची. वर्कशॉपने पहिल्या प्रकाराला ‘पट्टेवाली’ आणि दुसऱ्याला ‘मागच्या दाराची’ अशी नावं तासाभरात पाडली. गेटवरचे वॉचमन अण्णासाहेब सोडले तर पडलेला बर्फ त्यांच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. पण तेवढ्याने आमच्याकडे कुणी मत द्यायचं थांबत नाही, त्यामुळे दुपारच्या डब्यापर्यंत दोन तट पडले होते.

पाठवणाऱ्या कंपनीला ही बाइंडिंग बर्फाच्या गावांतल्या भाड्याच्या दुकानांसाठी हवी होती. साचा एकाचाच करायचा होता. दोन्ही वापरून पाहा, जोडून पाहा आणि कुठली करावी ते कारणांसकट कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं. श्यामने ट्रायलची वही नवनाथच्या हवाली केली. डाव्या हाताने लिहीत असला तरी त्याच्या वहीत खाडाखोड नसे, आणि आकडा पाहिल्याशिवाय तो लिहीत नसे.

नवनाथने आधी एक गोष्ट केली, ती वहीत नाही. सगळे जेवायला गेले असताना त्याने पट्टेवालीचा खटका उघडून पुन्हा जोडून पाहिला. आत तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग होती. ती चिमटीत धरून जागी बसवायची, आणि चिमूट म्हणजे अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. अकरा वेळा ती स्प्रिंग उडाली. चिमट्याने धरली तेव्हा वाकली. मग त्याने मागच्या दाराची दांडी जोडून पाहिली. चार जाड बोल्ट आणि एक खीळ. ती त्याने जेवायची वेळ संपायच्या आत दोनदा जोडली.

म्हणजे काय ते स्पष्ट होतं. मागच्या दाराची ठरली तर बाक त्याचा राहणार होता, आणि पट्टेवाली ठरली तर जाणार होता. श्याम त्याला कामावरून काढणारा माणूस नव्हता. स्टोअरमध्ये घेतला असता. पण स्टोअरमध्ये माणूस वस्तू देतो आणि सही घेतो. तिथे त्याच्या हातून काही तयार होत नाही.

ट्रायल सुरू झाली. दहा जणांनी आपापले सेफ्टी शूज घालून दोन्ही बाइंडिंग लावल्या आणि नवनाथने मोबाइलवर वेळ मोजली. पट्टेवाली सरासरी नऊ सेकंद, मागच्या दाराची सात. दोन सेकंदांसाठी कोण कशाला वेगळी दांडी घेईल, असं सगळ्यांनी म्हटलं. नवनाथची स्वतःची वेळ कुणी विचारली नाही. त्याने ती गुपचूप मोजली होती. पट्टेवालीला त्याला एकतीस सेकंद लागले होते.

रात्री जेवताना त्याच्या डोक्यात आलं, की बर्फात माणूस उघड्या हाताने कशाला राहील. दुसऱ्या दिवशी त्याने वेल्डिंगचे जाड चामडी हँडग्लोव्हज आणले आणि त्याच दहा जणांना घालायला लावले. खटका कुणाला सापडेना, पट्ट्याचं टोक कुणाला धरता येईना. सगळे चिडले. आकडे आले ते असे: मागच्या दाराची आठ सेकंद, पट्टेवाली तीस.

नवनाथने आकड्याखाली दोनदा रेघ ओढली. हँडग्लोव्हज घातले की दहा बोटांच्या माणसाचा हात अगदी त्याच्यासारखा होत होता. त्याला आनंद झाला, आणि तो काही शुद्ध आनंद नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

त्याने तिथे थांबायला हरकत नव्हती. पण अर्धवट तपासलेलं पुढे पाठवायची सवय त्याला नव्हती. गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, तो एकटाच वर्कशॉपवर आला. कोपऱ्यावरच्या छबूबाईच्या रसवंतीतून त्याने बादलीभर बर्फाचा भुगा घेतला. उसाशिवाय नुसता बर्फ नेणारं गिऱ्हाईक छबूबाईला नवीन होतं. कुणाला लागलंबिगलं का, असं तिने विचारलं. नवनाथने बर्फ दोन्ही बाइंडिंगांत भरला, पाय ठेवून दाबला आणि लावून पाहिलं. पट्टेवालीत बूट थोडा वर राहिला, पण पट्टा दोन दाते सैल सोडला की खटका बसला. मागच्या दाराच्या टाचेत बर्फ असा घट्ट बसला की टेकू उभाच राहीना. दांडी अर्ध्यावर अडकली. स्क्रूड्रायव्हरने खरवडायला पाऊण मिनिट गेलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

मग दुसरीही एक गोष्ट उघडी पडली. मागच्या दाराची एका बुटाला बसवली की त्याच बुटाला झटपट लागते. आठ नंबरचा बूट काढून दहा नंबरचा घातला, तर आतलं सगळं नव्याने बसवावं लागत होतं; पट्टेवालीत नुसता पट्टा कमीजास्त आवळला की झालं. ट्रायलच्या वेळी प्रत्येकाआधी तोच ते बसवून देत होता, आणि तो वेळ त्याने मोजलाच नव्हता.

तो स्टुलावर बसून राहिला. बर्फाची ट्रायल कुणी सांगितली नव्हती. शिवाय हा होता रसवंतीतला बर्फ, ओला आणि चिखलीच्या एप्रिलमधला. खरा बर्फ असाच वागतो कशावरून? हा विचार आला तसा त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली.

गेटवर अण्णासाहेब होते. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा मावळातला माणूस. काश्मीरमध्ये त्यांनी दोन हिवाळे काढले होते. नवनाथने त्यांच्याकडे जाऊन विचारलं, की बर्फ बुटाखाली दाबला गेला की काय होतं. अण्णासाहेबांना कुणी बर्फाबद्दल विचारलं की इतर वेळी अर्धा तास जाई, पण त्या दिवशी ते थोडक्यात बोलले.

“ताजा बर्फ पिठावानी असतोय. पर बुटाखाली दाबला की दगुड हुतोय. टाचंखाली तर पयला. आमी संगिनीनं खरवडायचो. कशापायी इचारतोस?”

“वहीत लिहायचंय,” नवनाथ म्हणाला.

आणि त्याने लिहिलं. रसवंतीतल्या बर्फाचं, बूट बदलायला लागणाऱ्या वेळाचं, सगळं. बर्फ कुठून आणला तेही.

शुक्रवारी श्यामच्या केबिनमध्ये तिघं बसले: श्याम, क्वालिटी बघणारी तनुजा आणि नवनाथ. तनुजा ही वाकडहून येणारी मुलगी हुशार आणि फटकळ होती. तिने आकडे पाहिले आणि गोंधळ आहे म्हणाली. हँडग्लोव्हज पाहिले तर एक जिंकते, बर्फ पाहिला तर दुसरी. श्यामने वही मिटली आणि नवनाथभाऊ, तुम्ही कुठली कराल, असं सरळ विचारलं.

नवनाथने उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. एकोणीस वर्षांत श्यामने तो इतक्या जवळून पाहिला नव्हता.

“साहेब, मला मागच्या दाराची सोपी. लावायला सोपी आन् जोडायलाबी. पण भाड्याच्या दुकानात रोज नवा पाय येणार, घडीघडीला कोण बसवीत बसंल? पट्टेवालीच करा. फक्त तिचा खटका मह्या हातानं लावता यील एवढा मोठा करा. हँडग्लोव्हज घातले की समद्यांचा हात असाच असतो.”

तनुजा लगेच खटक्याचं चित्र काढू लागली. श्यामचं चित्राकडे लक्ष नव्हतं. पट्टेवालीची स्प्रिंग त्याने स्वतः पाहिली होती, आणि समोरच्या माणसाने आत्ता काय सोडलं ते त्याला कळलं होतं. चहा मागवू का, एवढंच त्याने विचारलं.

परदेशातल्या कंपनीने मोठ्या खटक्याची पट्टेवाली मंजूर केली. पावसाळ्याच्या आत साचा आला. खिडकीजवळच्या बाकावर नव्या दोन मुली बसल्या. खटका बाहेरून मोठा झाला तरी आतली स्प्रिंग तेवढीच होती; ती त्या बघताबघता बसवत. नवनाथ स्टोअरमध्ये गेला. पहिले आठ दिवस तो सकाळी सवयीने बाकाकडेच वळायचा आणि मध्येच थांबायचा. त्याला वाईट वाटलं. आपण बरोबर केलं हे माहीत असल्याने ते कमी झालं नाही. बायकोला त्याने काम बदललं एवढंच सांगितलं.

स्टोअरच्या खिडकीतून तपासणीचं टेबल दिसतं. माल सुरू झाला त्या दिवशी तनुजाने टेबलावर कामाची पद्धत छापून लावली. जाड हँडग्लोव्हज घालावेत, अंगठ्याशेजारची दोन बोटं दुमडावीत, उरलेल्या तीन बोटांनी खटका लावावा. बसला तरच माल पास. बाजूला हाताचं चित्र होतं, तिने स्वतः काढलेलं. टेबलावर पाच जण ओळीने उभे राहिले, पाचही जणांनी दोन बोटं दुमडली आणि काम सुरू झालं.

नवनाथ रजिस्टर उघडं ठेवून बराच वेळ पाहत राहिला.

दुपारी टेबलावरचा गणराज खिडकीशी आला. चाळिशीचा, कोकणातून नुकताच आलेला माणूस. हँडग्लोव्हज फाटले, दुसरे हवेत, असं म्हणत त्याने हात पुढे केला. सकाळपासूनच्या सवयीने त्याची दोन बोटं अजून दुमडलेलीच होती. नवनाथने कपाटातून नवा जोड काढला आणि उजव्या हाताने त्याच्या हातात दिला. गणराजने रजिस्टरमध्ये सही केली आणि तो टेबलावर परत गेला.