नवं खाल्लं का?

मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर बा माझी बॅग मांडीवर घेऊन बसला होता. खाली ठेव म्हटलं तर म्हणाला, "असू दे, खाली ओल हाय." ओल नव्हती. आळेफाट्याची गाडी लागली तेव्हा स्वतः आत चढून त्याने ती सीटवर ठेवली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. बोलायचं सगळं रस्त्यातच संपलं होतं. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाला, "बोटं जप गो बाय."

हे मी वाडीतल्या माझ्या माणसांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या बॅग घेऊन बाहेर पडलेल्यांसाठीही. नीट जमेल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

आमची वाडी शहापूरकडे, शेणव्याच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी. पावसाळ्यात भातशेती, आणि भात घरात आलं की बा मुरबाडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जायचा. तिथे तो मशीनखाली साठलेला लोखंडाचा कीस भरून बाहेर टाकायचा. एकदा त्यातली एक लांब, निळसर गुंडाळी त्याने कागदात बांधून माझ्यासाठी आणली. "हात नको लावू, कापंल," म्हणाला आणि दाराच्या चौकटीला टांगली. मग सांगत बसला की काचेच्या दाराआड मशीन आपोआप फिरतं, दुधासारखं पाणी उडतं, आणि बाहेर उभा असलेला माणूस नुसती बटणं दाबतो. "त्यो शिकलेला असतो. त्याचं कपडं बी मळत नाय."

बारावीनंतर पुण्याजवळच्या एका कॉलेजात सीएनसी मशीनिंगच्या डिप्लोमाला माझा नंबर लागला. शेजारची सखूकाकी तिच्या अंगणातूनच ओरडली, "पोरीला लोखंड कापाया धाडतोस व्हय रे? मंग भात कोन कापंल?"

बा हसला. "भात मी कापीन गो वयनी. लोखंड मला नाय ना कापता येत."

पहिले काही महिने अवघड गेले. प्रोग्रॅम म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. टूल कुठून निघेल, किती वेगाने जाईल, कुठे थांबेल, सगळं आधी लिहून द्यायचं. एक आकडा चुकला की टूल सरळ जॉबमध्ये, म्हणजे कापायला लावलेल्या तुकड्यात, घुसतं. मला प्रश्न विचारायची भीती वाटायची. तोंडून 'नाय' निघालं की मागे कोणीतरी हसायचं. पण एक गोष्ट मला लगेच पटली. सर म्हणाले, लॉटमधला पहिला पीस काढायचा, मापायचा, आणि तो पास होईपर्यंत मशीन थांबवायचं. मुलं वैतागायची. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. आमच्या घरी नव्या भाताचं असंच असतं.

आश्विनात हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात पिकलं की पहिल्या लोंब्यांची जुडी आम्ही दाराला बांधतो. नव्याच्या दिवशी ती सोडून तिचे दाणे पहिल्या भातात घालायचे, पळसाच्या पानावर पहिला घास पितरांना वाढायचा, मग सगळ्यांनी एकत्र बसून खायचं. त्याआधी नव्याचा दाणा तोंडात घालायचा नाही. आणि आमच्या घरचं एक जास्तीचं होतं. घरातलं एक जरी माणूस बाहेर असलं तरी नवं थांबायचं. लहानपणी बा बाजाराला गेलेला असला की त्याची वाट बघत मी चुलीशी चुळबुळ करायचे, तेव्हा आय म्हणायची, "पितर थांबल्यात, तुला काय घाई?"

दुसऱ्या वर्षी नेमकी नव्याच्या वेळेस माझी प्रॅक्टिकल आली. मी फोनवर म्हटलं, एक दिवस येऊन जाते.

"नको गो," बा म्हणाला. "आमी खाल्लं नवं. तुझ्या नावाचं पान बी वाढलं व्हतं."

मला वाईट वाटलं, आणि थोडं हलकंही वाटलं.

परीक्षेत पायऱ्यापायऱ्यांचा एक छोटा शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, करायचा होता. माझा पीस पास झाला. फोन केला तेव्हा बा खळ्यावर होता, मागे झोडणीचा आवाज येत होता.

"पास झाला? मंग चालू दे आता मशीन. कपडं मळलं का?"

"लय मळलं, बा."

तो मोठ्याने हसला. दिवाळीला येताना शाफ्ट घेऊन येते, म्हटलं.

दिवाळीच्या आधीच, त्याच खळ्यावर, दुपारी बाच्या छातीत कळ आली. हातात भाताची पेंडी होती म्हणतात. शहापूरला नेईपर्यंत तो गेला.

मी पोचले तेव्हा दाराला लोंब्यांची जुडी तशीच बांधलेली होती. शेजारी ती लोखंडाची गुंडाळी, आता गंजलेली. दिवसपाणी होईपर्यंत मी काही विचारलं नाही. मग विचारलं, ही अजून बांधलेली कशी? आय जुडीकडे बघत म्हणाली, "त्यानं नाय खाऊ दिलं. म्हणला, पोरीची परीक्षा हाय, तिला सांगू नको. ती आली का खाऊ."

"मग तुम्ही काय खात होता?"

"रेशनचा भात. नाय तं नागलीची भाकर."

ओट्यावर आमच्याच भाताची रास झाकून ठेवलेली होती. बाने ते लावलं, कापलं, झोडलं. त्यातला एक दाणा त्याच्या पोटात गेला नाही. मला त्याच्यावर रागावताही येत नाही. खरं सांगितलं असतं तर मी परीक्षा सोडून निघाले असते, हे त्याला माहीत होतं.

त्या वर्षीचं नवं आम्ही दोघींनी केलं. पितरांचं पान वाढताना आयचा हात थांबला. बा आता त्याच पानावर होता. मी शाफ्ट पानाशेजारी ठेवला.

आता मी चाकणला एका कारखान्यात अप्रेंटिस आहे. बटणं मीच दाबते, आणि कपड्यांवरचे तेलाचे डाग काही निघत नाहीत. जेवण मेसमध्ये. तिथला भात नवा की जुना, कोणी विचारत नाही. पण आश्विन लागला की मी भात घेत नाही, पोळ्याच खाते. मेसच्या मावशी विचारतात, "काय गं, डाएट का?" मी हो म्हणते.

सुट्टीसाठी सुपरवायझरना अर्ज दिला आहे. "भात खायला सुट्टी?" म्हणाले, पण सही करतील असं वाटतं. वाडीतलं आमचं छप्पर यंदा एका बाजूने वाकलं आहे, अंगणात गवत माजलं आहे, असं आय सांगते. घर म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर ते येत नाही. हातातला घास कुणीतरी थांबवून धरलेला येतो. आता तो दोन ठिकाणी थांबतो. आयने आणि मी एकमेकींना शब्द दिला आहे, नव्याच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही.

काल तिचा फोन आला.

"आय, नवं खाल्लं का?"

"नाय. तू?"

"मी बी नाय."